गाडी उडाली की पुढे काय? स्लॉट कार क्लबसाठी क्रॅशचे नियम

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवरच्या खाचेतून विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्या, आणि त्यांच्या क्लबात भांडण स्पीडवरून होत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं असेल. ज्याची गाडी फास्ट आहे त्याची आहे, त्यावर कोण काय बोलणार. भांडण होतं ते गाडी खाचेतून उडाल्यावर. "माझी पाच सेकंद पडून होती आणि त्याची पडायच्या आत उचलली", "कॉर्नरच्या अलीकडे पडलेली, पलीकडे ठेवली", "मी आपला सरळ चाललो होतो, हाच येऊन आडवा झाला". मग पुढची हीट, म्हणजे रेसचा पुढचा टप्पा, सुरू व्हायला पंधरा मिनिटं. आणि गंमत बघा, क्लबचे नियम वाचले तर मोटर कुठली, टायर कुठले, चुंबक चालणार की नाही यावर चार पानं असतात आणि क्रॅशवर एक ओळ, "मार्शल गाडी परत ठेवेल". बास. (मार्शल म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभा राहून पडलेल्या गाड्या उचलणारा.)

माझ्या मते एक गोष्ट पक्की धरायची, बाकीचे नियम तिच्यातूनच निघतात. क्रॅशची शिक्षा म्हणजे गाडी पडून राहिली तेवढा वेळ, त्याहून जास्त नाही आणि कमी पण नाही, आणि तो वेळ पडणाऱ्या प्रत्येकाला साधारण सारखा यायला पाहिजे. लॅप कापणं, दंड, वॉर्निंग ह्या भानगडी शक्यतो नकोतच, कारण पडण्यात वेळ जातोच की, ती शिक्षा झालीच.

पण हा वेळ "सारखा" येतो का? जरा हिशोब करा. लॅप 6 सेकंदांचा, हीट 3 मिनिटांची, म्हणजे न पडता 30 लॅप. दोन ड्रायव्हर, दोघंही चार-चार वेळा पडले. पहिला पडतो तो कॉर्नर मार्शलच्या अगदी हाताशी, 2 सेकंदांत गाडी परत खाचेत. दुसरा पडतो पुलाच्या पलीकडे, तिथे मार्शलला वाकून, हात लांबवून 5 सेकंद लागतात. पहिल्याचे 8 सेकंद गेले, दुसऱ्याचे 20. फरक 12 सेकंद, म्हणजे पूर्ण 2 लॅप, आणि दोघांनी चुका सारख्याच केल्यात! क्लबच्या रेस बऱ्याचदा अर्ध्या लॅपने जिंकल्या जातात, त्यामुळे हे 2 लॅप म्हणजे निकालच.

म्हणून सुरुवात ड्रायव्हरच्या नियमांनी नाही, मार्शलच्या जागेने करायची.

रेसच्या आधी एक साधी टेस्ट घ्या. मार्शल आपापल्या जागी उभे, एक जण प्रत्येक कॉर्नरला गाडी आडवी टाकतो, दुसरा मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो. जिथे 3-4 सेकंदांच्या वर जातंय तिथे मार्शल सरकवा, नाहीतर आणखी एक उभा करा. माणसंच कमी असतील तर त्या भागासाठी पॉवर बंद करायचा नियम ठेवा (त्याच्यावर खाली येतो). दहा मिनिटांचं काम आहे, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. आम्ही किती दिवस हे केलंच नव्हतं, आणि एकाच कॉर्नरवरून दर वेळी बोंबाबोंब. शेवटी कळलं काय, तर तिथला मार्शल एका खांबामागे उभा राहायचा आणि त्याला ती दोन फूट जागा दिसतच नव्हती.

मार्शल कोण, तर साधा नियम, आत्ता जी हीट संपली तिचे ड्रायव्हर पुढच्या हीटला मार्शल. जो टाळेल त्याचा मात्र लॅप कापायचा. वर म्हटलं लॅप कापू नका, पण हा एक अपवाद मी डोळे मिटून करतो, कारण गायब झालेला मार्शल दुसऱ्यांचा वेळ खातो, स्वतःचा नाही. मोबाईल खिशात, गप्पा नंतर, आणि आपल्या मित्राची रेस बघत बसायचं नाही, आपला कॉर्नर बघायचा.

स्केलप्रमाणे, म्हणजे गाडी खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याएवढी आहे त्याप्रमाणे पण फरक पडतो हे लक्षात घ्या. 1/32 किंवा 1/24 ची गाडी डोळ्याला दिसते, हाताला सापडते. एचओ म्हणजे साधारण 1/64, त्या गाड्या एवढ्याशा आणि ट्रॅकला धरून ठेवणाऱ्या चुंबकामुळे इतक्या वेगात की लहान ट्रॅकवर 2 सेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ एक लॅप. तिथे मार्शल जास्त हवेत आणि जवळ हवेत. चुंबकाची गाडी पडते पण वेगळी. ती धरून धरून राहते आणि एकदम सुटते, सुटली की लांब जाते, कधी थेट टेबलाखाली. बिनचुंबकाची गाडी आधी शेपूट हलवते, ड्रायव्हरला इशारा देते, पडली तरी तिथेच आसपास. तांब्याची टेप लावलेल्या लाकडी ट्रॅकवर तर चुंबक धरतच नाही, म्हणून तिथे गाड्या जास्त वेळा पण जवळच पडतात. आपल्या ट्रॅकवर कुठल्या प्रकारचं पडणं होतं ते बघून मार्शल लावा, दुसऱ्या क्लबचा नकाशा उचलून उपयोग नाही.

गाड्या पडल्यात तीन, हात आहेत दोन

उचलायचा क्रम आधीच ठरलेला पाहिजे, त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. पहिली कुठली, तर जी दुसऱ्याच्या चालू लेनमध्ये आडवी पडलीये ती. तिच्यामुळे अजून लोक पडणार आहेत. ती निदान बाजूला तरी घ्यायची, लगेच खाचेत नाही बसली तरी चालेल. त्यानंतर ज्याची चूक नव्हती ती, म्हणजे ज्याच्यावर येऊन आदळले ती. सगळ्यात शेवटी ज्याने घोळ घातला त्याची. कोणामुळे झालं ते दिसलंच नसेल तर हाताला जी जवळ ती आधी, आणि त्यावर वाद नाही. हा क्रम भिंतीवर लिहून ठेवला की अजून एक फायदा होतो, मार्शल स्वतः पण स्पर्धेत असतो ना, तर त्याने आपल्या जवळच्या स्पर्धकाची गाडी मुद्दाम उशिरा उचलली असा संशय घ्यायला जागाच राहत नाही.

ड्रायव्हरसाठी दोन गोष्टी. गाडी पडली की ट्रिगर (हातातल्या कंट्रोलरचा, स्पीड देणारा) सोडायचा, आणि मार्शलचा हात बाजूला होईपर्यंत दाबायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि अर्धे जण पाळत नाहीत. चाकं फिरत असताना गाडी खाचेत बसवायला गेलं की गाईड (गाडीखालचा खाचेत बसणारा तुकडा) उडी मारतो, टायर बोटाला घासतो आणि वेळ वाचायच्या ऐवजी दुप्पट जातो. आमच्याकडे मार्शलला सरळ मुभा आहे, चाकं फिरतायत असं दिसलं तर गाडी खाली ठेव आणि दुसरी उचल. दोन रेसमध्ये सगळे सुधारले. दुसरी गोष्ट, ओरडायचं असेल तर फक्त लेनचा रंग. "लाल, पुलाखाली!" एवढंच. "अरे उचल ना, झोपलास काय" हे नाही. मार्शल फुकट काम करतोय आणि पुढच्या हीटला तुम्हीच तिथे उभे असणार आहात.

रंगावरून आठवलं, गाडीवर लेनच्या रंगाचा स्टिकर हवाच, प्रत्येक हीटला बदलायचा. मोठ्या आठ लेनच्या ट्रॅकवर लाल, पांढरा, हिरवा, केशरी, निळा, पिवळा, जांभळा, काळा असा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो, तुमच्याकडे चार लेन असतील तर कुठलेही चार घ्या, पण ट्रॅकवर कॉर्नरच्या आत-बाहेर त्याच रंगाचे ठिपके मारा म्हणजे मार्शलला मोजत बसायला नको. कारण चुकीच्या खाचेत गाडी ठेवणं हा मार्शलचा सगळ्यात महाग पडणारा घोळ. साध्या ॲनालॉग ट्रॅकवर करंट लेनला असतो, गाडीला नाही. लालची गाडी निळ्या खाचेत ठेवली की निळ्याच्या ट्रिगरवर दोन गाड्या पळायला लागतात, लालवाला रिकामा ट्रिगर दाबत उभा, आणि काउंटरवर निळ्याचे लॅप डबल. मी स्वतः केलंय हे. दोन लॅप कोणाच्या लक्षात आलं नाही, मला तर अजिबातच नाही, मी खुशीत होतो की काय फटाफट उचलली. अशा वेळी पॉवर बंद, गाडी मूळ लेनमध्ये जिथून उडाली होती तिथे, आणि निळ्याचे जादाचे लॅप रेस डायरेक्टरने हाताने वजा करायचे. लालचा गेलेला वेळ भरून द्यायचा का? मी म्हणतो लालला त्या वेळाचे लॅप द्या, कारण चूक त्याची नाही आणि कोणाची ते स्पष्ट आहे. पण मार्शल दोन सेकंद उशिरा पोचला, गाडी पहिल्या झटक्यात नीट बसली नाही, असल्या गोष्टींची भरपाई सुरू केलीत तर रेस रात्रभर संपणार नाही.

ठेवायची कुठे

गाडी जिथे *उडाली* तिथे. जिथे *पडली* तिथे नाही. ऐकायला सोपं आहे पण हेअरपिनवरून उडालेली गाडी हवेतून जाऊन पलीकडच्या सरळ पट्टीवर पडते, आणि मार्शल भाबडेपणाने तिथेच खाचेत बसवतो, झालं, अर्धा ट्रॅक फुकटात. नक्की जागा आठवत नसेल तर थोडं मागे ठेवा, पुढे कधीच नाही.

फिनिश लाईनजवळची गोष्ट वेगळी आणि इथे जरा नीट वाचा. लॅप मोजणारा सेन्सर, मग तो ट्रॅकमधला असो की वरच्या पुलावरचा, त्याला गाडी खाचेत आहे की घसरत चाललीये हे कळत नाही, त्याला फक्त काहीतरी गेलं एवढं कळतं. आता गाडी लाईनच्या अलीकडे उडाली आणि घसरत पलीकडे गेली. लॅप मोजला गेला का ते आधी स्क्रीनवर बघायचं. मोजला गेला नसेल तर गाडी लाईनच्या अलीकडे ठेवा, ती स्वतःच्या पायाने जाईल आणि मोजेल. मोजला गेला असेल आणि तुम्ही तरीही अलीकडे ठेवलीत तर एकाच लॅपचे दोन पडणार. म्हणून तेव्हा लाईनच्या लगेच पलीकडे ठेवायची, तेवढा वीतभर फायदा त्याला मिळाला तर मिळू द्या. आणि दुसऱ्याच्या लेनच्या सेन्सरवरून घसरत गेली तर त्या बिचाऱ्याला नको असलेला लॅप मिळतो. यावर उपाय म्हणजे रेस सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी लॅप टाईम टाकून ठेवणं. ट्रॅकचा रेकॉर्ड 5.4 सेकंद असेल तर 5 टाका, त्याच्याहून कमी वेळात आलेला लॅप मोजलाच जाणार नाही. सगळे घोटाळे यातून पकडले जात नाहीत, पण बरेच जातात.

ठेवताना मार्शलने एक नजर टाकायची, गाईड सरळ आहे का आणि ब्रेड दुमडली नाही ना. ब्रेड म्हणजे गाईडखालची तांब्याची विणलेली पट्टी, नवीन मंडळी हसतात म्हणून सांगितलं. ती दुमडलेली असली की गाडी ठेवली तरी हलत नाही आणि ड्रायव्हर ओरडतो मोटर गेली. बोटाने सरळ केली की झालं. ह्याच्यापुढे मार्शलने दुरुस्ती करायची नाही, गाडी ड्रायव्हरच्या हातात द्यायची.

"ट्रॅक!" कधी ओरडायचं

"ट्रॅक!" म्हणजे पॉवर बंद करा अशी हाक. पॉवर बंद करणं हे सगळ्यात ताकदीचं हत्यार आहे आणि सगळ्यात जास्त गैरवापर ह्याचाच. मी ठेवतो ती यादी छोटी आहे: गाडी जमिनीवर गेली, किंवा कोणाच्या हाताला येणार नाही अशा जागी अडकली, किंवा चुकीच्या लेनमध्ये चाललीये, किंवा बॉडीचा तुकडा, टायर असं काही चालू लेनमध्ये पडलंय, किंवा तीन नाहीतर जास्त गाड्यांचा ढीग झालाय. धातूच्या चासीची गाडी खाचेच्या बाजूच्या करंटच्या दोन्ही पट्ट्यांवर आडवी पडून शॉर्ट होत असेल तर अर्थातच. बाकी काही नाही. आणि ओरडायचा हक्क मार्शलला, बटण दाबायचा रेस डायरेक्टरला. ड्रायव्हरने ओरडलं तर ते ऐकायचंच नाही, कारण स्वतःची गाडी पडली की प्रत्येकालाच जगबुडी झाल्यासारखं वाटतं.

घड्याळ पॉवरबरोबर थांबलं पाहिजे, हे सेटिंग रेसच्या आधी तपासा. पॉवर गेली की चालू गाड्या घरंगळत जिथे थांबतील तिथे त्यांना हात लावायचा नाही. थांबता थांबता कोणी लाईन ओलांडली आणि काउंटरने मोजलं तर तो लॅप त्याचा. घरंगळताना पडली तर जिथून उडाली तिथेच परत, तिचा काही दोष नाही.

आता खरी मेख. "ट्रॅक" झाल्यावर मार्शल शांतपणे सगळ्या पडलेल्या गाड्या खाचेत लावतात, आणि ज्याने गाडी जमिनीवर घातली त्याची गाडीही आरामात जागेवर येते, घड्याळ बंद. म्हणजे साधं पडणाऱ्याचे 3 सेकंद गेले आणि टेबलाखाली गाडी घालणाऱ्याचा वेळ शून्य! जेवढा मोठा क्रॅश तेवढी कमी शिक्षा. असं असेल तर हुशार ड्रायव्हर शेवटच्या लॅपमध्ये बिनधास्त दाबणारच ना. यावर आम्ही बऱ्याच गोष्टी करून बघितल्या, लॅप कापून बघितला (फार कडक झालं, लोक रुसले), काहीच न करून बघितलं (मग सगळेच उडवायला लागले). टिकलेला उपाय हा: ज्या गाडीमुळे पॉवर बंद झाली ती मार्शलच्या हातात राहते. पॉवर चालू, बाकी सगळे निघतात, मार्शल मोठ्याने एक, दोन, तीन मोजतो आणि मग ती खाचेत ठेवतो. का तीन, तर स्टॉपवॉचच्या टेस्टमध्ये आपल्या ट्रॅकवर गाडी उचलायला साधारण जेवढा वेळ आला तो. तुमच्याकडे दोन आला तर दोन मोजा. ढिगाऱ्यात कोणाची चूक ते दिसलं नसेल तर ढिगातल्या सगळ्यांना तीन.

सुरुवातीच्या पहिल्या कॉर्नरचा गोंधळ वेगळा धरा. सगळे एकदम घुसतात, निम्मे पडतात. पहिल्या लॅपमध्येच अर्ध्याहून जास्त गाड्या बाहेर पडल्या तर लॅप शून्य करून परत स्टार्ट, पण एकदाच. दुसऱ्यांदा झालं तर मग चालू द्या, लोकांना अक्कल येते.

आदळलं कोण कोणावर

ॲनालॉगमध्ये प्रत्येकाची खाच वेगळी, त्यामुळे समोरून कोणी अडवत नाही. टक्कर होते ती दोन प्रकारे. एक म्हणजे कॉर्नरला शेपूट बाहेर फेकून शेजारच्याला मारलेली थाप. दोघंही आपापल्या खाचेत होते, नियमात होते, त्यामुळे यात कोणाची चूक धरू नका, पडेल तो पडेल. आतल्या लेनच्या गाडीची शेपूट बाहेरच्या गाडीला लागणार हे अनुभवी ड्रायव्हरला माहीत असतं, तो तिथे बरोबरीने जातच नाही, अर्धी गाडी मागे किंवा पुढे राहतो. दुसरा प्रकार म्हणजे पडलेल्या गाडीवर जाऊन आपटणं. समोर दिसतंय, ब्रेक मारायला जागा होती, तरी फुल स्पीडला घातली तर भरपाई नाही. दर हीटला लेन बदलत सगळे सगळ्या लेनवर चालवतात, त्यामुळे बाहेरच्या लेनचा त्रास शेवटी सगळ्यांच्याच वाट्याला येतो, हेही रडणाऱ्याला आठवण करून द्यावं.

डिजिटलचं गणित मात्र उलटं आहे. स्केलेक्सट्रिक हा स्लॉट कारचा ब्रँड 1957 साली आला तेव्हापासून खेळाची मूळ कल्पना होती एक खाच एक गाडी, डिजिटलने ती मोडली, आता एकाच खाचेत मागेपुढे तीन गाड्या आणि मध्ये लेन बदलायचे सांधे. इथे मागून मारणारा चूक, नेहमी, पुढचा हळू होता हे कारण चालत नाही. मार खाल्लेला आधी खाचेत, मारणाऱ्याची गाडी हातात, आणि मार खाल्लेला निघून गेला की मग ती सोडायची. दोघंही खाचेत राहिले आणि पुढचा नुसता ढकलला गेला तर सोडून द्या. सांध्यावर आडवी टक्कर झाली तर जो लेन बदलत होता त्याने बघायला हवं होतं, सरळ जाणाऱ्याची गाडी आधी. काही सिस्टिममध्ये सगळ्यांचा स्पीड एकदम खाली आणता येतो, तो असेल तर पूर्ण पॉवर बंद करण्यापेक्षा तेच वापरा, रेसचा जीव जात नाही.

मोडतोडीबद्दल फार लिहीत नाही. दुरुस्ती स्वतःच्या वेळेत, घड्याळ चालू असताना, मग तुम्ही स्वतः पडलेले असा किंवा कोणी पाडलेले. कठोर वाटतं पण "त्याने तोडली" हे सिद्ध करत बसण्यापेक्षा बरं. पॉवर बंद असताना गाडीला हात लावायचा नाही, नाहीतर लोक टायर पुसायला "ट्रॅक"ची वाट बघतात. मागचा पंख, आरसा गेला तर हीट संपेपर्यंत चालू द्या, पण बॉडी सुटली तर बसवल्याशिवाय पुढे नाही. दुरुस्त गाडी परत येते ती जिथून उचलली होती त्याच भागात, ड्रायव्हरच्या समोर सोयीची जागा आहे म्हणून तिथे नाही.

आणि बझर. हीट संपते तेव्हा पॉवर जाते आणि गाड्या ट्रॅकभर कुठेकुठे थांबतात, म्हणून ट्रॅकचे दहा किंवा वीस भाग करून नंबर चिकटवून ठेवा, निकाल म्हणजे लॅप अधिक भाग. 28 लॅप आणि सातवा भाग, असं. नेमकं बझरच्या वेळी जी गाडी पडलेली आहे तिचा भाग कुठला? जिथून उडाली तो. मार्शलने ती तशीच हातात धरून उभं राहायचं, जागेवर बोट ठेवायचं, आणि कागदावर लिहून झाल्याशिवाय गाडी ड्रायव्हरला द्यायची नाही.